समुद्राला पोत्याची शिवण

आमच्या घरात सगळ्यांना वाटतं, मला समुद्राची भीती बसली आहे. जावई दरवर्षी म्हणतात, आई, या दिवाळीत कोकणात जाऊ, आणि मी दरवर्षी माझे गुडघे पुढे करते. गुडघे माझे ठणठणीत आहेत. भीती समुद्राचीही नाही. कसली आहे ते मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला नाही — जामसांवलीच्या मारुतीपुढे हात जोडते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. देवापुढे उभी राहून मी भलतंच काहीतरी बोलत असते, पावसाचं, संत्र्याच्या भावाचं. आज तुम्हाला सांगते आहे, कारण तुमचं तोंड मला दिसत नाही. तुम्ही ऐकताना कसे बघाल हे दिसलं असतं, तर आजही जमलं नसतं.

मी मंदा. माहेर पांढुर्ण्याचं, सासर सौंसरचं. सौंसरजवळच्या एका कारखान्यात जाड कापडाची पोती शिवली जातात, तिथे मी शिवण तपासते. बायका मला घाबरतात. टाका वाकडा गेला की मी उसवायला लावते, मग ती कुणाची का मावशी असेना. तोंडाची मी फटकळ. ‘मंदाबाईच्या नजरेतून सुई सुटत नाही’ असं म्हणतात माझ्याबद्दल. म्हणू द्या.

आता तुम्ही म्हणाल, सौंसरचा आणि समुद्राचा संबंध काय? मीही तेच म्हटलं होतं. आमच्याकडे चहूकडे संत्र्याच्या बागा आणि कापूस. पाणी म्हणजे विहिरीचं, नाल्याचं. संत्र्याला बहार हवा असेल तर आम्ही झाडाचं पाणी तोडतो, पानं मलूल होईपर्यंत त्याला ताण देतो आणि मग सोडतो. पाणी आमच्या हुकमात असतं असं आम्हाला वाटतं. अलीकडे गारपीट नको तेव्हा येते, ऊन नको तेवढं तापतं, फूल गळतं, तरीही आमचा तो तोरा काही गेलेला नाही.

आणि एके वर्षी कारखान्यात काम आलं समुद्राचं. कोकणातल्या एका गावासाठी मोठाली पोती शिवायची होती, माणूस आडवा झोपला तर मावेल एवढी. कापड असं, की पाणी झिरपून जातं आणि वाळू आत राहते. ती पोती तिथल्याच वाळूने भरायची, किनाऱ्याला एकावर एक रचायची आणि वरून माती टाकून झाडं लावायची. त्या गावाला जुना दगडी बांध होता, पण समुद्र वर चढत चालला आहे आणि वाऱ्या-वादळाचं काही खरं राहिलं नाही, म्हणून तो बांध आता पुरत नव्हता. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ते लोक उधाण म्हणतात. उधाणाचं पाणी दर पावसाळ्यात थोडं आणखी आत यायचं. बांधामागे भातशेती होती आणि गावाची एकच गोड्या पाण्याची विहीर. ती विहीर वाचवायची, हेच सगळं काम होतं.

पोती इथून शिवून जायची, पण तोंडं तिथे, वाळू भरल्यावर शिवायची. हातात धरून चालवायची मशीन असते त्यासाठी. ती चालवणाऱ्या बायका आमच्याकडे होत्या, म्हणून ठेकेदाराच्या इंजिनिअरने आम्हा दोघींना तिकडे नेलं. गावाचं नाव मी सांगणार नाही. त्या गावाला माझ्यामुळे जेवढं भोगावं लागलं तेवढं पुरे.

समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हादरले. लोक म्हणतात छान वाटतं, मोकळं वाटतं. मला वाटलं, हे एवढं सगळं पाणी, आणि ह्याला कुणी धरलेलं नाही? माझ्याबरोबरची विमल, लोधीखेड्याची, ती तर बांधावर मटकन बसलीच. ‘मंदाबाई, हे तं येऊनच राहिलं वं!’ म्हणाली. तिला भरती माहीत नव्हती. मला तरी कुठे माहीत होती?

आमची राहायची सोय बांधाला लागून असलेल्या घरी होती. दत्ताराम आणि सुगंधा, नवरा-बायको. मूलबाळ नव्हतं. एक होडी, थोडं भात, पडवीत जाळी. मी मासे खात नाही म्हणून सुगंधा माझ्यासाठी रोज वेगळं कुळथाचं पिठलं करायची आणि रोज हसायची — ‘समिंदराकाठी येऊन पिठलं खातंय कोन, तर ही आमची सौंसरची ताय!’ उन्हात माझं डोकं चढलं तर आपल्या हाताने तेल चोळून द्यायची. मला धाकटी बहीण नाही. तिथे असताना वाटायचं, आहे.

दत्ताराम वेगळा. त्याचं आणि बांधाचं वाकडं होतं. त्याच्या घरासमोर किनाऱ्याला एक उतार होता, तिथून तो आणि वाडीतले चार जण होड्या वर ओढायचे. पोती रचली की तो उतार बंद होणार होता. त्याचं म्हणणं, वाट ठेवा. इंजिनिअरचं म्हणणं, वाट ठेवली की पाणी तिथूनच आत येईल. देवळात गावाची बैठक झाली. दत्ताराम इतका तापला, की सगळ्या गावादेखत ओरडला, ‘वाट बंद केलात तर येक दिवस मीच फोडून टाकीन हा बांध!’ बायका-पोरं, म्हातारेकोतारे, सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं, खांबाला टेकून बसले होते.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन वाळू भरायला सगळ्यात आधी कोण हजर? तोच. असा होता तो. तोंडाने आग आणि हाताने काम. मला तो आवडायचा, कारण मी स्वतः तशीच आहे असं मला तेव्हा वाटत होतं.

आता शिवणीचं सांगते. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझे वडील पांढुर्ण्याच्या मंडीत हमाल होते. गव्हाचं, चण्याचं पोतं भरलं की तोंड शिवायचं, ते एकाच दोऱ्याने. साखळीसारखी शिवण पडते, एका फासात दुसरा फास अडकलेला. दिसायला घट्ट. पण शेवटच्या टोकाचा दोरा सोडवून ओढला की सर्रकन सगळं तोंड उघडतं, कात्री नको की सुरी नको. ती शिवण उघडण्यासाठीच घातलेली असते. मंडीतल्या पोरांचा तो खेळच असतो. मीही खेळले आहे आणि सांडलेल्या चण्यांपायी बाबांच्या हातचा मारही खाल्ला आहे. पांढुर्ण्या-सौंसरकडच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पोत्याचं तोंड म्हणजे ही शिवण, हे आमच्या बोटांनाच ठाऊक असतं.

समुद्राच्या पोत्याला ही शिवण चालत नाही. तिथे दोन दोरे लागतात, वरचा आणि खालचा, एकमेकांत अडकलेले, आणि दोन रांगा. एक तुटला तरी दुसरा धरतो. त्यासाठी मोठी हातमशीन होती. कारखान्यात हे मीच सगळ्यांना घोकून घोकून शिकवलं होतं.

काम संपत आलं आणि मोठी मशीन अडली. बारीक वाळू, खारा वारा — तिच्या पोटातला एक भागच झिजला. नवा भाग नागपूरहून येणार होता. इंजिनिअर, चांगला सज्जन पोरगा, म्हणाला, ताई, थांबा चार दिवस, घाई नाही, शेवटचीच रांग राहिली आहे. शेवटची रांग म्हणजे दत्तारामच्या घरासमोरची, त्या उताराची.

मला थांबायचं नव्हतं. घरी मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. मुलाकडचे पांढुर्ण्याचे, दुकानदार माणसं, नाकाला जीभ लावणारी. साड्या घ्यायच्या होत्या, आचाऱ्याला सांगायचं होतं, आणि जावांच्या हातात सगळं गेलं तर आयुष्यभर ऐकवलं असतं. साक्षगंधाला अजून वेळ होता, चार दिवस थांबले असते तरी पोचले असते. हे मी तेव्हाही हिशेब करून पाहिलं होतं. तरीही थांबले नाही.

माझ्या सामानात लहान मशीन होती. गव्हाच्या पोत्याची, एका दोऱ्याची. काम आटोपल्यावर उरलेलं सामान बांधायला आणली होती.

मी ती काढली.

विमलने पाहिलं. ‘मंदाबाई, हे तं पोत्याची मशीन होय न वं?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘चालते वं. वरून मातीच टाकणार हायेत, कोण पाहून राहिलं?’ ती माझ्या हाताखालची. गप्प बसली. पुढे कारखान्यात तिची नजर मला टोचायला लागली, तेव्हा मी तिला दुसऱ्या पाळीत टाकलं. हेही मीच केलं. सांगते आहेच तर सगळं सांगते.

पहिल्या काही पोत्यांना मी टोकाशी गाठी तरी मारल्या. मग ऊन चढलं आणि गाठी मारणंही सोडलं. सांगा, गाठ मारायला किती वेळ लागतो? चिमटीत दोरा धरायचा आणि फिरवायचा. तेवढंही मी केलं नाही. टोकं नुसती लोंबती ठेवली आणि कापड वरून दुमडून दिलं. संध्याकाळी इंजिनिअरने विचारलं, मशीन दुरुस्त झाली का? मी म्हटलं, झाली, जुनाच भाग घासून बसवला. कमरेवर हात ठेवून म्हटलं. त्याने शिवणीकडे वाकून पाहिलंही नाही, कारण शिवण मंदाताईंनी तपासली होती.

निघताना सुगंधा बसपर्यंत आली. ओटीत नारळ घातला, मुलीसाठी आमसुलांची पुडी दिली. म्हणाली, ‘ताय, आता टिकंल ना वो हे?’ मी म्हटलं, ‘टिकते, सुगंधा. बिनघोर राय.’ खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, नावं ठेवली आहेत त्यांना. मी तर तिच्या घरचे वासे मोजले नाहीत, काढूनच घेतले.

पण माझी खरी गोष्ट ही नाही. तुम्हाला वाटलं असेल, हीच — बाईने आळस केला, खोटं बोलली. तसं तर पुष्कळ जण करतात. मलाही वाटायचं की हीच आहे, आणि हीच असती तर मी ती कधीच कुणापाशी ओकून मोकळी झाले असते. तुमच्या लक्षात येतंय का, मी किती वेळ गोल गोल फिरते आहे? अजूनही मला वाटतं, इथेच थांबावं.

साक्षगंध झालं. छान झालं. कुणाला नाव ठेवायला जागा उरली नाही.

पावसाळ्यात उधाण आलं, त्यात वारा. घरात मी चिवडा परतत होते तेव्हा मोबाइलवर इंजिनिअरने फोटो पाठवले. पहिला पाहिला आणि मला काही कळेचना. किनाऱ्यावर रिकामं कापड पसरलं होतं, धुणं वाळत घालावं तसं. वाळू सगळी गेलेली. दुसऱ्या फोटोत कापड जवळून — कुठे फाटलेलं नाही, कुठे चिरलेलं नाही. तोंड मात्र उघडं, शिवणीची भोकं एका ओळीत साफ. तिसऱ्या फोटोत वाळूत पडलेला दोरा. लांबच लांब, नागमोडी, साखळी सुटल्यावर दोरा जसा वळलेला राहतो तसा. मी तो दोरा ओळखला. आंधळी असते तरी ओळखला असता.

तुम्हाला खरं सांगते, मला तोपर्यंत वाटलंच नव्हतं की असं होईल. मी मंडीची पोर, त्या शिवणीचा सगळा स्वभाव जाणणारी, आणि मला वाटलं होतं की दोरा ओढायला माणसाचाच हात लागतो! समुद्राला हात नसतात, असं माझ्या डोक्यात कुठेतरी होतं. तो रात्रंदिवस ओढतच असतो, वाळू घासून घासून दोरा तोडतो आणि मग टोक धरतो, हे त्या फोटोने मला दाखवलं. त्याच्यासमोर चार आठवडे बसून शिवत होते मी. काय पाहत होते?

चौथा फोटो विहिरीचा होता. पाणी काठोकाठ, वर फेस. त्याखाली त्याने लिहिलं होतं, खारी झाली.

मग फोन आला. त्याचा आवाज रडवेला होता. म्हणाला, ताई, बाकी सगळी पोती जागच्या जागी आहेत, हीच एक रांग गेली आणि सगळं पाणी तिथूनच आत आलं. कापड फाटलं नाही, मला काही समजत नाही. तुम्ही सांगा, शिवण अशी आपोआप सुटू शकते का?

तो मला विचारत होता. विमल सोडली तर जगात हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो नेमका त्याच माणसाला विचारत होता. कढईखाली गॅस चालू होता, चिवडा करपत होता, मुलगी आतून ‘आई, वास येऊन राहिला’ म्हणून ओरडत होती. मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. मिळाला होता. मी गॅस बंद केला, कढई उतरवली, पदराला हात पुसले आणि मगच बोलले.

मी म्हटलं, ‘आपोआप? नाही जी. कोणी ओढल्याशिवाय कशी उघडल?’

इथेही थांबता आलं असतं मला. तो म्हणाला, म्हणजे गावातलंच कुणी? पण असं कोण करेल, ताई?

आणि मी म्हटलं — ‘तो एक होता न जी, बैठकीत म्हणून राहिला होता, मीच फोडीन म्हणून.’

हे आहे ते. एवढंच वाक्य. मी नाव घेतलं नाही. नाव न घेण्याइतकी हुशारी मला त्या घटकेलाही सुचली. आवाज कापला नाही, घशाला कोरड पडली नाही. माझ्याच तोंडून निघालेलं ते बोलणं माझ्याच कानांनी ऐकून मी अशी थिजले, की फोन बंद झाल्यावरही तो कानाला लावूनच उभी होते. मला वाटायचं, असली माणसं वेगळी असतात. त्यांच्या घरी चिवडा होत नसेल, त्यांना मुली नसतील, ती देवाला जात नसतील. मी करपलेले पोहे निवडले, नवे घातले आणि डबा भरून ठेवला. नवरा म्हणाला, झकास झाला आहे.

त्या इंजिनिअरने काही वाईट केलं नाही. त्याला जे कळलं ते त्याने गावात सांगितलं. पुढचं गावाने केलं. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणतात, तिथे तर सूत समोर पडलेलं होतं आणि सगळ्यांनी त्याचं ओरडणं ऐकलेलं होतं. गावात त्या दिवसांत प्यायला पाणी नव्हतं. पाण्याच्या टँकरसाठी बाया भांडी घेऊन उन्हापावसात उभ्या. लावलेलं भात खाऱ्या पाण्याने पिवळं पडलं. रागावलेल्या माणसाला कुणीतरी लागतंच, आणि ते मी दिलं होतं.

दत्ताराम म्हणत राहिला, मी नाही केलं. कुणी ऐकलं नाही.

हे सगळं मला सुगंधाने सांगितलं. फोन करून. तिला माझ्याशिवाय सांगायला होतं कोण? म्हणाली, आमच्याशी कुणी बोलत नाही. मारलं नाही कुणी, शिवी दिली नाही, नुसतं बोलणं सोडलं. पण होडी एकट्याने ओढता येत नाही हो. किनाऱ्याला होडी लागली की चार माणसं हात लावतात, तेव्हा ती वर येते. दत्तारामच्या होडीला आता कुणी हात लावत नव्हतं. तो आणि सुगंधा दोघंच ओढायचे. एका लाटेत ती होडी त्यांच्या हातून सुटली, दगडांवर आपटली आणि फुटली. सुगंधाने मला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, मलाच समजावत असल्यासारखी सांगत होती.

मग म्हणाली, ‘ताय, आमचे हे तसं करनारे नाय वो. तुमी सायबाला फकस्त येवडं सांगा, शिवन कधी आपली आपन पन सुटते म्हनून. तुमचं ऐकंल तो.’

बघा. तिने सत्यच मागितलं होतं, आणि तेही सगळं नाही, जराचं. मी एवढं म्हटलं असतं, ‘हो, कधी कधी सुटते’, तर माझ्यावर काही आलंही नसतं. दोरा कच्चा निघाला म्हणता आलं असतं. माझी नोकरी गेली नसती, जावयाकडच्यांना कळलं नसतं. मग का नाही म्हटलं? आधी एक बोलले होते, आता दुसरं कसं बोलू — एवढंच असेल. माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी दुसऱ्याला बुडू देतो, हे मला माझ्यावरून कळलं.

मी म्हटलं, ‘सुगंधा, मी इतक्या दूर बसून काय सांगू वं? मी काई पाह्यलं नाही.’

ती म्हणाली, खरंच की, तुम्ही तरी काय करणार. मग तिने विचारलं, मुलीचं लग्न कधी आहे? आमसुलं संपली असतील, कुणी येणारं असलं तर पाठवू का?

तिकडे शिमगा फार मोठा. होळीच्या दिवसांत देवाची पालखी घरोघर जाते, अंगणात नाचते आणि वर्षाचं सगळं गाऱ्हाणं त्या दिवशी देवाच्या कानावर घालतात. मुंबईला गेलेली पोरं रजा टाकून येतात त्या दिवसासाठी. त्या शिमग्याला पालखी वाडीतल्या प्रत्येक घरी गेली. दत्तारामच्या दारावरून वाजतगाजत गेली आणि थांबली नाही. सुगंधाने अंगण सारवून रांगोळी घातली होती, कारण तिला वाटलं होतं देव तरी थांबेल. हे तिने मला तेव्हा सांगितलं नाही. वर्षभराने सांगितलं, शेवटच्या फोनमध्ये.

तो फोन आला तेव्हा मी कारखान्यातून आले होते, चप्पलही काढली नव्हती. फोनवर सुगंधाचं नाव दिसलं. वाटलं, कळलं तिला. विमल बोलली असेल, किंवा त्या पोराला उशिरा का होईना उमगलं असेल. आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणी बरंच वाटलं. मी भिंतीला धरून उभी राहिले आणि म्हटलं, बोल.

सुगंधाचा आवाज हलका होता, सणाला असतो तसा. म्हणाली, ताय, आज पालखी आली आमच्या दारात. मागून ढोल ऐकू येत होते. मी म्हटलं, कशी आली? ती म्हणाली, यांनी कबूल केलं ना.

काय कबूल केलं?

बांध फोडल्याचं, ती म्हणाली. देवळात सगळ्या गावासमोर उभं राहून हातात नारळ घेऊन कबूल केलं — हो, दोरा मीच ओढला, रागाच्या भरात ओढला, माझ्यामुळे विहीर खारी झाली, गावाने मला पदरात घ्यावं. गावाने घेतलं. नारळ फोडला. लगेच चार जणांनी मिळून नवी होडी बघायचं ठरवलंसुद्धा.

माझं पाप एक माणूस नारळ हातात धरून, देवासमोर, स्वतःच्या तोंडाने आपलं म्हणून आला होता, आणि मी सौंसरला दाराजवळ चप्पल घालून उभी होते. मला विचारायचं होतं, सुगंधा, तुला तरी खरं वाटतं का हे? तू तर त्याच्या शेजारी झोपतेस. पण मी नाही विचारलं. आणि तिने मला जे सांगितलं त्यावरून आजही ठरवता येत नाही, तिला खरं वाटत होतं की नाही.

ती म्हणाली, ‘ताय, गावाची माफी मागून झाली. आता तुमची मागायची राह्यली. येवड्या लांबून येऊन उन्हात बसून तुमी शिवलात, नि आमच्या मानसानं ते नासवलान. थांबा, हे बोलतात.’

मी नको म्हणेपर्यंत फोन दत्तारामच्या हातात गेला होता. तो खाकरला. मागचे ढोल थांबले, बहुतेक तो आत गेला असावा, किंवा बाकीचे ऐकायला गप्प झाले असावेत. त्याला ठाऊक होतं त्याने काय केलेलं नाही. जगात दोघांनाच ते पक्कं ठाऊक होतं, आणि ते दोघे त्या घटकेला एकमेकांशी बोलत होते.

‘चुकलो, ताय,’ तो म्हणाला. ‘माफी असावी.’

मी म्हटलं, ‘जाऊ द्या, भाऊ. होते माणसाच्या हातून. मी माफ केलं तुम्हाले.’

तो म्हणाला, ‘उपकार झाले.’